पायांना कळलेली मराठी

(स्मृति नगर, भिलाई येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या काकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते १९७९ साली. लग्न होऊन मी नागपूरहून भिलाईत आले होते. त्यांच्या सेक्टरातल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात दहा-बारा मुलं रांगेनं चालत होती आणि काका दारात बसून केरवा वाजवत होते. मुलांच्या हातात टाळ नव्हते आणि तोंडात बोलही नव्हते. नुसतं चालायचं आणि समेवर उजवा पाय टाकायचा, एवढंच. पोलाद प्लांटमधली ड्यूटी संपवून आलेला हा माणूस मुलांना ताल शिकवायला पायांपासून सुरुवात करत होता. पुढे मी इथल्या मुलांना चाळीसएक वर्षं गाणं शिकवलं, पण ही गोष्ट मला फार उशिरा कळली. आज मी नाचाच्या गाण्याबद्दल बोलणार आहे. पत्रिकेत विषय वाचून काही जणांना आश्चर्य वाटलं असेल. काकांना वाटलं नसतं.

विषय आहे ‘ऐका दाजीबा’. वैशाली सामंत यांनी गायलेला, अवधूत गुप्ते यांनी संगीत दिलेला आणि सागरिका कंपनीनं काढलेला २००२ च्या आसपासचा अल्बम. सिनेमाचा आधार नसताना तो खपला, संगीतवाहिन्यांवर हिंदी आणि पंजाबी गाण्यांच्या बरोबरीनं वाजला आणि लग्नाच्या मांडवापासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत पोचला. त्यावर समीक्षा म्हणून काही लिहिलं गेल्याचं माझ्या वाचनात नाही. भावगीतांवर आपण ग्रंथ लिहिले, नाट्यसंगीतावर परिसंवाद घेतले. ज्या गाण्यावर आपलीच मुलं नाचली, त्याच्याकडे मात्र खपाऊ माल म्हणून पाहिलं. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि त्या अन्यायात माझाही हात आहे. ते पुढे सांगेन.

आधी थोडं मागे जाऊ. १९८० साली फिरोज खान यांचा ‘कुर्बानी’ आला. संगीत कल्याणजी-आनंदजींचं होतं. पण त्यातलं एक गाणं बिद्दू नावाच्या माणसानं केलं होतं आणि ते लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालं होतं. बिद्दू मूळचे बंगळूरचे. इंग्लंडला जाऊन तिथल्या डिस्को संगीतात त्यांनी नाव कमावलं होतं. १९७४ साली कार्ल डग्लसनं गायलेलं ‘कुंग फू फायटिंग’ जगभर गाजलं, त्याचे निर्माते हेच. ‘कुर्बानी’तल्या त्या गाण्याचा आवाज होता नाझिया हसनचा. कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये शिकणारी शाळकरी मुलगी. या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं तेव्हा तिचं वय पंधरा होतं. पुढच्या वर्षी, १९८१ साली, बिद्दू, नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांचा ‘डिस्को दीवाने’ आला. त्याला सिनेमा नव्हता, नायिका नव्हती, पडदाही नव्हता. तरी दुकानांसमोर लोक उभे राहिले. भारत-पाकिस्तानाच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच रेकॉर्ड वाजत होती, आणि तिचे सूर दक्षिण अमेरिकेपर्यंत ऐकू गेले.

आमच्या सेक्टरात ती कॅसेट आणली ती आखाती देशात नोकरीला असलेल्या एका शेजाऱ्यानं, टू-इन-वनसोबत. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते. हिराबाई आणि माणिक वर्मा ऐकत वाढलेली. मला ते गाणं पोकळ वाटलं. आज सांगते, मी चुकीच्या जागी कान लावला होता. स्वरात काय आहे ते शोधत होते, आणि गाण्याची सगळी करामत ठोक्यात होती.

तो ठोका समजून घेणं गरजेचं आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपला केरवा आठ मात्रांचा. त्यात चार मात्रा भरीच्या आणि चार खालीच्या. ढोलकीवरची धुमाळीही आठांतच फिरते. या खालीमुळे आपल्या ठेक्याला झोक येतो. एक बाजू जड, एक हलकी, झोपाळ्यासारखी. पण ज्याच्या कानाला सवय नाही तो या हलक्या बाजूवर अडखळतो. त्याला सम सापडत नाही. डिस्कोच्या ठेक्यात चारांपैकी प्रत्येक मात्रेवर मोठ्या ड्रमचा सारखा ठोका पडतो, मिनिटाला साधारण एकशे दहा ते एकशे तीस. तिथे खालीच नाही. कुठूनही सुरुवात करा, पाय जमिनीवर येतो तेव्हा ठोका हजर असतो. न शिकलेल्या माणसाचा पाय चुकू नये याची त्या संगीतात काळजी घेतलेली असते. मला यात कमीपणा दिसत नाही. पाहुण्याला आत यायला उंबरठा नसावा, अशी ती रचना आहे.

बिद्दूंनीच पुढे १९९५ साली अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ केला. मॅग्नासाउंडनं काढला, केन घोष यांनी चित्रफीत केली आणि तिच्यात लाकडी पेटीतून बाहेर येणारा तरुण होता आपला मिलिंद सोमण. हे गाणं बिद्दूंनी आधी नाझियाला देऊ केलं होतं. ती नाही म्हणाली. पाकिस्तानच्या मुलीनं भारतात घडलेल्या माणसाची स्वप्नं गाऊन पाहावीत, हे तिच्या देशातल्या लोकांना दुखवेल असं तिला वाटलं. ती कायदा शिकली, संयुक्त राष्ट्रांत काम केलं, आणि १३ ऑगस्ट २००० रोजी कर्करोगानं पस्तिसाव्या वर्षी लंडनमध्ये गेली. तिच्याबद्दल बोलताना मला आजही वाईट वाटतं. एवढ्या लहान वयात तिनं किती लोकांचे पाय हलवले!

‘मेड इन इंडिया’नंतर कंपन्यांना खात्री पटली की सिनेमाशिवायही गाणं विकता येतं, फक्त चित्रफीत चांगली हवी आणि वाहिनीवर ती दिवसातून पाच वेळा दिसायला हवी. पंजाबीला याचा सर्वांत जास्त फायदा झाला. दलेर मेहंदींचं ‘बोलो ता रा रा’ त्याच वर्षीचं. आमच्या भिलाईच्या लग्नांतून, मग ते तेलुगू कुटुंबाचं असो की बंगाल्यांचं, भांगडा वाजायला लागला. पंजाबी न कळणारी मुलं पंजाबी गाऊ लागली. मराठी मुलंही. मराठी तेव्हा नाचाच्या त्या अंगणात नव्हती.

इथे मला स्वतःलाच दुरुस्त करावं लागेल. मराठी होती. आपण तिला आत घेतलं नव्हतं.

मराठीत नाचाची गाणी कमी नाहीत. शान्ता शेळके यांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत आणि लताबाई व हेमंतकुमार यांचे आवाज असलेलं ‘मी डोलकर’ हे कोळीगीत बिनफिल्मीच आहे, आणि त्यावर न नाचलेली शाळा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. म्हणजे थोरांनी नाचासाठी लिहिलं, बांधलं, गायलं, आणि ते भरपूर खपलंही. त्यांना कुणी बाजारू म्हटलं नाही. दुसरीकडे प्रल्हाद शिंदे होते. विठ्ठलाची गाणी, कव्वाली, भीमगीतं. त्यांचा आवाज खेड्यापाड्यांत घराघरात होता. त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांचं ‘नवीन पोपट हा’ ऐंशीच्या दशकात कॅसेटवर आलं आणि वरातीवरातीत वाजलं. मराठीतलं नाचाचं पहिलं प्रचंड खपलेलं कॅसेटगाणं कोणतं, असं मला विचारलं तर मी त्याचंच नाव घेईन. भिलाईत ते वाजत होतं. कॅम्पातल्या वस्तीत विदर्भातून आलेली कितीतरी कुटुंबं होती. तिथे चौदा एप्रिलला प्रल्हाद शिंदे लागत आणि लग्नात आनंद शिंदे. कॅम्प आमच्या मराठी मंडळापासून सायकलनं वीस मिनिटांवर. पण ते गाणं मंडळाच्या दारातून आत आलं नाही. आम्ही त्याला थिल्लर म्हणत होतो. खरं कारण सांगायला आज तरी संकोच करू नये. ते कुठल्या वस्तीतून येतं हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून ते आम्हाला नको होतं. कोळीगीत चाललं, कारण त्यावर आपल्या ओळखीची नावं होती.

आता ‘ऐका दाजीबा’कडे येते. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. लोकनाट्यात आणि लावणीत ही हाक जुनी आहे. आदर आणि थट्टा दोन्ही तिच्यात एकत्र असतात. अवधूत गुप्ते यांनी ही हाक उचलली, लोकगीताच्या वळणाची चाल ठेवली आणि तिच्याखाली आजचा नाचाचा ठेका घातला. एवढंच सांगितलं तर ते सोपं वाटेल. पण लावणी हा बघण्याचा नाच आहे. ढोलकी, हलगी, तुणतुणं, घुंगरांची चाल; नाचणारी एक आणि बघणारे शंभर. बघणाऱ्यानं शिट्टी मारायची, फेटा उडवायचा, पण जागा सोडायची नाही. या अल्बमनं तीच हाक, तोच ठसका घेतला आणि शंभरांना उठवलं. बघायचं गाणं करायचं झालं. अंगणातली बायको, नणंद, कॉलेजातली मुलगी, कुणीही त्यावर नाचू शकत होतं, आणि तिच्याकडे कुणी ‘तमाशातली’ म्हणून बघत नव्हतं. मराठी बाईला चारचौघांत, घरच्यांसमोर, मराठी शब्दांवर नाचायला मिळालेली ही मोठी मोकळीक होती. तिचं मोल मला अल्बमच्या खपाइतकंच मोठं वाटतं.

आणि आवाज! वैशाली सामंत यांचा गळा तयारीचा आहे. २००१ च्या ‘लगान’मध्ये राधा-कृष्णाच्या रासाचं जे गाणं आहे, त्यात आशा भोसले आणि उदित नारायण यांच्याबरोबर त्यांचा आवाज आहे. असा गळा नाचाच्या गाण्यात काय करतो ते ऐकायचं असेल तर शब्दांच्या टोकाकडे लक्ष द्या. लोकगायिकेसारखं टोक थोडं उचलायचं, पण सूर सोडायचा नाही. ठेका यंत्राचा, म्हणजे रेषेसारखा सरळ. झोक आणायचा तर तो गळ्यातूनच आणावा लागतो. आपल्या केरव्यातली जी खाली यंत्रानं काढून टाकली, ती या बाईंनी शब्दफेकीतून परत आणली. एका संगीतशिक्षिकेचं हे म्हणणं आहे आणि मी ते विचारपूर्वक मांडते आहे.

चित्रफितीत मिलिंद गुणाजी आणि इशिता अरुण होते. गुणाजींना आपण गडकिल्ल्यांवर भटकणारा माणूस म्हणून ओळखतो. इशिता या इला अरुण यांची मुलगी. राजस्थानी लोकगीतं ज्यांनी पॉप संगीतात आणली त्या इला अरुण. ‘मेड इन इंडिया’त एक मिलिंद, इथे दुसरा, आणि आनंद शिंदे यांचे गायक भाऊ तेही मिलिंद. योगायोग आहे, पण मला गोड वाटतो.

आता माझी चूक. गणेशोत्सवाच्या सांस्कृतिक समितीत मी होते. अल्बम आला त्याच्या पुढच्या वर्षी आठवी-नववीतल्या पाच मुली माझ्याकडे आल्या. त्यांनी ‘ऐका दाजीबा’वर नाच बसवला होता. कुणी शिकवलं नव्हतं. टीव्ही बघून, एकीच्या गच्चीवर, महिनाभर. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, खेळताना हिंदी, घरी आजीपुरतं मराठी, अशा त्या मुली. त्यांनी आपण होऊन मराठी गाणं निवडलं होतं. मी म्हणाले, गणपतीसमोर हे शोभत नाही. आणि त्यांना एका भावगीतावर हातवारे करायला लावले. त्यांनी केलं. मुकाट्यानं केलं. पुढच्या वर्षी पाचांपैकी एकही आली नाही.

पुष्कळ वर्षांनी त्यांतली एक मला सिव्हिक सेंटरला भेटली, कडेवर मुलगा घेऊन. तिनं मला सांगितलं की शाळेच्या गॅदरिंगला त्यांनी तोच नाच केला होता. वर्गातल्या तेलुगू, पंजाबी, मल्याळी मैत्रिणींनी त्यानंतर वर्षभर त्यांच्याकडून त्या शब्दांचे अर्थ विचारून घेतले. पहिल्यांदाच कुणाला तरी आमची भाषा हवीशी वाटली, असं ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, सहज. मी घरी आले आणि मला रात्री झोप लागली नाही. चाळीस वर्षं मुलांना मराठी गाणी शिकवणाऱ्या बाईला जे साधलं नाही, ते त्या पाच मुलींनी एका नाचात केलं होतं, आणि मी त्यांना दारातून परत पाठवलं होतं.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे कदाचित उमगणार नाही. तिथे मराठी रस्त्यावर आहे, पाट्यांवर आहे. आपल्याकडे ती घराच्या आत राहते. रतनपूरला बिंबाजी भोसल्यांची गादी होती, पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले होते, हे आपण भाषणात सांगतो. पण चौदा वर्षांच्या मुलीला इतिहासानं मराठी बोलावीशी वाटत नाही. मैत्रिणींना तिचा हेवा वाटला की बोलावीशी वाटते.

याच मातीतलं उदाहरण घ्या. छत्तीसगढी माणसानं आपली गाणी अशीच आधी अंगणात ठेवली होती. सुवा, करमा, ददरिया, सतनामी समाजाचा पंथी नाच. हबीब तन्वीर यांनी ‘चरणदास चोर’मध्ये पंथी रंगमंचावर आणला आणि १९८२ साली ते नाटक एडिंबरोत गौरवलं गेलं. २००९ मध्ये ‘दिल्ली ६’त रहमान यांनी सासरच्या गेंद्याच्या फुलाचं छत्तीसगढी लोकगीत घेतलं, रेखा भारद्वाज यांनी गायलं, आणि देशभरच्या मुलींनी त्यावर ठेका धरला. त्या वर्षी माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईनं, धमध्याजवळच्या गावच्या, मला ते गाणं तिच्या आजीच्या चालीत म्हणून दाखवलं. तिचा चेहरा मला आठवतो. आपली वस्तू मोठ्या दुकानाच्या काचेमागे मांडलेली बघणाऱ्याचा चेहरा होता तो.

‘ऐका दाजीबा’ करणाऱ्यांचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. २००८-०९ मध्ये झी मराठीवर ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’ झालं. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत. रात्री स्मृति नगरातल्या प्रत्येक मराठी घरात टीव्ही सुरू असे. अभंग आणि नाट्यपदं म्हणणाऱ्या त्या मुलांच्या समोर परीक्षक म्हणून कोण बसलं होतं? अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. कार्तिकीच्या अभंगावर कोणती हरकत कुठे हवी होती, हे तीच माणसं सांगत होती ज्यांच्या गाण्याला मी गणपतीसमोर जागा दिली नव्हती. त्याच्याही आधी, २००६ च्या ‘जत्रा’त अजय-अतुल यांनी ‘कोंबडी पळाली’ केलं आणि ते कुणाला गायला दिलं? आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांना. वरातीतला आवाज आणि अल्बमवाला आवाज एकाच माइकसमोर. कॅम्प आणि सेक्टर यांच्यातलं ते वीस मिनिटांचं अंतर त्या गाण्यात मिटलेलं मी ऐकलं. २०१२ साली तीच चाल ‘अग्निपथ’मधून हिंदीत गेली, आणि २०१६ च्या ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ तर मराठीतच सगळ्यांनी आपलं केलं. आज दुर्गच्या मंगल कार्यालयात मारवाडी वऱ्हाड ‘झिंगाट’वर नाचतं, आणि कुणाला अर्थ विचारावा लागत नाही.

अल्बमचा धंदा मात्र तोवर संपला होता. एमपीथ्रीच्या एका तबकडीत दीडशे गाणी पन्नास रुपयांत मिळू लागली, मग मोबाइलवर फुकट. ‘ऐका दाजीबा’ त्या बाजाराच्या अगदी उतरत्या काळात आला आणि तरी चालला. त्याच्यासारखे अल्बम काढायला पुढे कंपन्यांकडे पैसाच राहिला नाही. नाचाचं मराठी गाणं मग पुन्हा सिनेमाच्या आसऱ्याला गेलं.

आता दोन मागण्या. पहिली मंडळाकडे. यंदाच्या गणेशोत्सवात नाचाच्या मराठी गाण्यांची एक संध्याकाळ ठेवा, आणि ती बसवायला कॅम्पातल्या मुलामुलींना बोलवा. निवड त्यांची, आपण फक्त ध्वनिक्षेपक लावायचा.

दुसरी मागणी तुम्हा सगळ्यांकडे. आपल्या घरांत माळ्यावर जुन्या कॅसेट पडून आहेत. कोळीगीतं, शिंदे घराण्याच्या कॅसेट, ‘ऐका दाजीबा’, बारशाच्या आणि मुंजीच्या घरगुती रेकॉर्डिंग, काकांच्या भजनांच्या दोन-तीन तरी. कॅसेटच्या फितीवर जो तपकिरी थर असतो तो लोहाचा ऑक्साइड असतो. दल्ली-राजहराच्या खाणीतून आपल्या भट्ट्यांना येणाऱ्या लाल दगडातही लोहाचा ऑक्साइडच असतो. घडण तेवढी वेगळी. या गावात तरी लोखंडावर लिहिलेलं कुणी भंगारात देऊ नये. दमट हवेत फितीला बुरशी धरते, दर पावसाळ्यात थोडा आवाज जातो. मंडळाच्या खोलीत मी एक चालू टेपरेकॉर्डर आणि संगणक ठेवला आहे. येत्या रविवारपासून संध्याकाळी पाच ते आठ मी तिथे बसेन. कॅसेट घेऊन या. वाजत नसली तरी आणा.